ताडपत्री शिवणारी बाई

सोनगीरजवळ हायवेवर एक बाई ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. रोज पशुखाद्य वाहणाऱ्या माझ्या पिकअपवर तिच्याकडूनच मी तंबू शिवून घेतला. सुट्टीत घरच्यांना घेऊन पालच्या जंगलात मुक्काम करायचा होता. कच्च्या रस्त्यासाठी उंच टायर आधीच बसवले होते.

ती टेप वापरत नाही. हौद्यात स्वतः आडवी झाली, वितीनं जागा मोजली आणि म्हणाली, "भाऊ, घरमा कितला जन शेतस?"

"पाच. पण येणार चौघंच. आईचे गुडघे दुखतात, तिला चढता येत नाही."

तिनं दातानं दोरा तोडला. "चढता येस नही, का तुम्ही इचारंच नही?"

घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत होती. तिला विचारलं. वर न बघता तिनं थेट दिवसच विचारला, "कव्हय जानं शे?"

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला लोखंडी पायरी जोडून गाडी परत नेली. बाईनं शिवलेली कड न कुरकुरता उसवली आणि पाचव्या अंथरुणाची जागा धरली. मग पायरीवर पाय ठेवून बघितला.

"अजून एक वीत खाले ल्या."

मी पायरी तेवढी खाली घेतली. पालला आई कुणाचाही हात न धरता चढली.