माळ्यावरचा साडी गार्ड

गाडी घरी आली त्या दिवशी माझ्या मुलानं नांदेडच्या आमच्या गल्लीत उभं राहून अर्धा तास तिची माहिती सांगितली. दोनशे सीसी. लिक्विड कूल्ड इंजिन. सहा गिअर. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, दोन्हींना एबीएस. मग कंपनीचा इतिहास: पत्र्याच्या शेडमध्ये शेतीपंपांची इंजिनं दुरुस्त करणारा कुणी एक माणूस, त्यानं पहिली मोटरसायकल कशी जोडली, त्याची पोरं रेसमध्ये कशी उतरली. स्वतःच्या पणजोबाचं नाव विचारा, सांगता येणार नाही. हे मात्र तोंडपाठ.

माझं लक्ष मागच्या चाकाकडे होतं. डाव्या बाजूला साखळी आणि चाक उघडंच.

"साडी गार्ड कुठाय रे?"

"शोरूमातच काढून घेतला. लई बेकार दिसतंय आई ते. गाडीचा सगळा लूक जातोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, अर्धं आयुष्य ड्रेसिंग रूममध्ये गेलं. पदर चाकात गेल्यावर काय होतं ते मला कुणी सांगायला नको. हदगावकडून, अर्धापूरकडून बाया आणतात. गळ्यावर पदराचा वळ, कोपर सोललेलं, लुगड्याची चिंधी झालेली. हे सगळं मी त्याला भर गल्लीत ऐकवलं. तो "लावतो, लावतो" म्हणाला आणि गार्ड प्लास्टिकच्या पिशवीसकट माळ्यावर टाकला.

महिनाभरानं मीच तो घेऊन मेकॅनिककडे गेले. तो हसला. "मॅडम, ह्या गाडीला कोण लावतंय गार्ड? पोरगं नाराज होईल की."

पोरगं नाराज होईल! त्याला मनात चार शिव्या घातल्या आणि गार्ड परत माळ्यावर गेला. कंपनीनं निदान दिला तरी होता. काढला माझ्या पोटच्या पोरानं, आणि मीही हट्ट सोडला, याचा राग अजून जात नाही.

अर्धापूरला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. बस चुकली म्हणून मी माझ्या पोराच्या गाडीवर मागं बसले. मागची सीट पाटापेक्षा लहान, वर चढवलेली, धरायला काही नाही. एका अंगानं बसणाऱ्या बाईचा विचार त्यात कुणी केलाच नव्हता. गावाजवळच्या स्पीडब्रेकरला गाडी हळू झाली आणि खांद्यावरून कुणीतरी हिसका मारल्यासारखा पदर मागं ओढला गेला. मी डांबरावर. गाडी हळू होती म्हणून आज हे लिहिते आहे.

मला आणलं ते माझ्याच ड्रेसिंग रूममध्ये. डॉक्टरांनी काय झालं विचारलं. मुलगा पांढराफटक पडला होता, तरी बोलला, "आईनं पदर नीट धरला नव्हता."

थोबाडीत मारावीशी वाटली. पण गळपट्टीचं हाड मोडलेलं, हात उचलवेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझं कोपर धुणारी नर्स, जिला मीच हाताखाली तयार केलं, सवयीनं बोलून गेली, "पदर आवरून बसायला काय होतं तुम्हा बायांना?"

बोलली आणि जीभ चावली. मला म्हणाली, "सॉरी सिस्टर, तोंडातून गेलं."

तिच्या तोंडातून गेलं ते वाक्य माझं होतं. शब्दही माझे, सूरही माझाच. जखम धुता धुता मी ते किती बायांना ऐकवलं असेल! गाडीला गार्ड होता का, हे बाहेर उभ्या असलेल्या एकाही नवऱ्याला कधी विचारलं नाही. त्या बायांपैकी कुणीच मला उलटून बोलली नव्हती. चूक कळली म्हणून गप्प बसतात, असंच मी समजत आले.

त्या दिवशी मीही गप्प बसले.