यास्मिनने थांबवलेलं ऑपरेशन

यास्मिन गेल्याचं मला दौंडच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर कळलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. ‘रुग्णांच्या जिवासाठी झटणारी डॉक्टर हरपली,’ असं तिथं लिहिलं होतं. लिहिणारे होते आमच्या दौंडच्या जुन्या हॉस्पिटलचे मालक, स्वतःही डॉक्टर. मी फोन पालथा ठेवला.

यास्मिन शिरूरची. हाडांची डॉक्टर, दुर्बिणीने सांध्यांची ऑपरेशनं करायची. मी भूल द्यायची. अशा ऑपरेशनमध्ये सांध्यात सलाईन सोडत राहावं लागतं आणि त्याचा दाब पंप सांभाळतो. दाब चुकला की पाणी सांध्याबाहेर मांसात मुरतं. खांद्याचं ऑपरेशन असेल तर मानेपर्यंत चढून श्वासाची वाटच दाबतं. आमच्या पंपाचा सेन्सर बिघडला होता. यास्मिन सांगून सांगून थकली. शेवटी मालकांनी ‘दुरुस्त झालाय’ असा शब्द दिला, म्हणून तिने न्हावरे गावच्या एका आप्पांचा खांदा करायला घेतला.

अर्ध्यात अलार्म वाजू लागला. पडद्यावरचा दाबाचा आकडा मात्र ठीक होता. मालक दारातूनच म्हणाले, “पुढची केस खोळंबलीय. तो आवाज बंद करा आणि उरका.”

यास्मिनने रिकाम्या होत चाललेल्या पिशव्यांकडे पाहिलं. “एवढं पाणी आत गेलं, बाहेर कुठं आलंय? सुनंदा, मान बघ.”

मी चादर बाजूला केली. मान टणक, फुगलेली…

“पंप बंद!” तिने दुर्बीण बाहेर काढली, ऑपरेशन तिथंच थांबवलं. सूज उतरेपर्यंत मी आप्पांच्या घशातली श्वासाची नळी काढली नाही. आप्पा वाचले.

बाहेर मालकांनी नातेवाइकांना सांगितलं, “मॅडमना जमलं नाही.” आम्ही दोघींनी खरं काय ते समजावलं, पण आप्पांचा मुलगा म्हणाला, “एवढे मोठे डॉक्टर खोटं कशाला बोलतील? तुम्हालाच येत न्हाई, म्हणा की.” पुढच्या आठवड्यात यास्मिनला ‘येऊ नका’ असा निरोप आला. मीही ते हॉस्पिटल सोडलं. मग ती शिरूरला परतली आणि प्लास्टरं घालत राहिली. जिच्या हाताला एवढी कला होती, तिला दुर्बिणीचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. ‘ऑपरेशन अर्धवट सोडते’ हे नाव तिच्या आधी सगळीकडे पोचलं होतं.

परवा मी तिच्या अम्मींकडे बसले असताना मालक आले. हात जोडून म्हणाले, “ऑपरेशन थिएटरला मॅडमचं नाव द्यायचं ठरवलंय.”

अम्मींनी विचारलं, “ते पाण्याचं मशीन बदललं का?”

“बघतोय… खर्चाचं आहे जरा.”

“मंग नाव नका देऊ. तिच्या नावाखाली कुणाचा जीव गेला, तर मी काय तोंड दाखवू तिला?”

ते गेले. चहा तसाच राहिला. कप उचलता उचलता अम्मींनी मला विचारलं, “तो न्हावऱ्याचा माणूस हाय ना अजून?”

“आहेत. धारा काढतात, दूध घालतात.”

“त्याला ठावं हाय का, कुणामुळं?”

“यास्मिनने स्वतः जाऊन सांगितलं होतं, अम्मी. त्यांना पटलं नाही.”

अम्मी उठून आतल्या खोलीत गेल्या. यास्मिनचे इस्त्री केलेले पांढरे कोट खुंटीवर एकावर एक होते. वरचा काढून त्यांनी झटकला, बाह्या सरळ केल्या आणि पुन्हा तिथंच लावला.