एकशे बारा अंशांचा गुडघा

टॅबलेटच्या पडद्यावर ११२ दिसत होतं. माझ्या हातातल्या गोनिओमीटरवर ७४. मी फाईलमध्ये ११२ लिहिलं आणि खाली सही केली.

एवढं सांगायला मला चार वर्षं लागली. या चार वर्षांत मी ‘फिजिओथेरपीचं भविष्य’ या विषयावर कॉलेजांमध्ये बरीच व्याख्यानं दिली, शाली आणि नारळ घरी आणले, आणि हा आकडा दर वेळी गाळला. आता माझेच गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा लिहून टाकतो.

गोनिओमीटर म्हणजे फार काही नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या की झाला. एक पट्टी मांडीवर धरायची, दुसरी पोटरीवर. गुडघा किती वाकतो ते अंशांत कळतं. सरळ पाय म्हणजे शून्य. खुर्चीत नीट बसलात की साधारण नव्वद. एसटीची पहिली पायरी चढायला त्याहून थोडं जास्त लागतं. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं. ते मला कौसाबाईंनी शिकवलं.

कौसाबाई पवनारच्या. सत्तरीच्या आसपासच्या. घरची भाजीची वाडी, वांगी आणि मेथी. वर्ध्यात आमच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, झिजलेला सांधा काढून कृत्रिम बसवला. मी तिथे फिजिओथेरपी विभागाचा प्रमुख होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अट घातली.

“तुमाले काय वाकवायचं ते वाकवा डाक्टर. मले बसमंदी चढता आलं पाह्यजे. वर्ध्याच्या बाजारात जाणं सुटलं तं दिवसभर घरात सुनेचं तोंड पाहत बसा लागन.”

सून शेजारीच उभी होती. “पाहा डॉक्टर,” ती म्हणाली, “आठ दिवसांपासून दवाखान्यात यांचं तोंड मीच पाहून राह्यली.”

अशा गुडघ्याचे पहिले दोन-तीन महिने महत्त्वाचे. आत जखम भरताना जे तंतू तयार होतात ते सुरुवातीला ओल्या मातीसारखे असतात. रोज दुखेपर्यंत, आणि दुखण्याच्या थोडं पुढे वाकवलं तर गुडघा मोकळा राहतो. नाही वाकवलं तर माती वाळते. मग तो गुडघा ज्या कोनात अडकला त्या कोनाचा झाला. आमचा धंदा म्हणजे या मातीवर रोज हात ठेवायचा. पेशंट शिव्या देतो, आपण मोजतो.

याच सुमारास भविष्य आलं. खोक्यात आलं, सोबत चार्जर होता.

टॅबलेटचा कॅमेरा पेशंटकडे पाहतो, पडद्यावर त्याच्या कंबरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर ठिपके मांडतो, ठिपके रेषांनी जोडतो आणि कोन सांगतो. पेशंट घरी बसून व्यायाम करणार, आकडे आपोआप आमच्याकडे येणार, आकडा हिरवा असेल तर पेशंटला बोलवायचं कारण नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता. फार अदबशीर मुलगा. पंचवीस वर्षं मी जे हातांनी करत आलो ते त्याने पंचवीस मिनिटांत समजावून सांगितलं.

डायरेक्टर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

“सर, तुमचं रिटायरमेंट जवळ आलं ना?”

“आठ महिने.”

“या डिजिटल रिहॅबला एक सीनियर हेड लागेल. तीन वर्षांचं एक्स्टेन्शन देता येईल. फक्त पायलट प्रोजेक्ट नीट गेला पाहिजे. ट्रस्टी येतायत डेमोला.”

“आणि खालचे पाच फिजिओ?”

“दोन पुरतील असं कंपनी म्हणते.”

यंत्र आमच्या व्यवसायाला खाणार का, या विषयावर माझं ठाम मत तिथेच तयार झालं. खाल्लं तर खालून खावं.

डेमोसाठी मी कौसाबाईंना निवडलं. दिसायला ठसठशीत, बोलायला धीट, फ्लेक्सवर शोभल्या असत्या. ऑपरेशनला चार आठवडे झाले होते. डेमोच्या सकाळी मी एकदा तालीम घेतली. त्या खुर्चीत बसल्या, पाय मागे ओढला. पडद्यावर हिरवं ११२ उमटलं आणि टॅबलेटमधली बाई म्हणाली, “अतिशय उत्तम! आपण आपले उद्दिष्ट गाठले आहे.”

“काय म्हंते हे?” कौसाबाईंनी विचारलं.

“शाब्बास म्हणते.”

“लय गुणाची बाई हाय. तुमी तं कधीच म्हटलं नाई.”

मी म्हटलं नव्हतं, कारण आदल्या आठवड्यात तो गुडघा सत्तरला अडला होता. मी सवयीने गुडघ्यावर हात ठेवला. सांधा घट्ट होता. गोनिओमीटर लावला. ७४. पुन्हा लावला. ७४.

कारण समजायला भविष्याची गरज नव्हती. कौसाबाई लुगडं नेसत. लुगड्यात कॅमेऱ्याला गुडघा दिसत नाही. तो अंदाज बांधतो. त्या पाय मागे ओढताना कंबर खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकवत आणि अंग पुढे झुकवत. कापड ताणलं जाई, ठिपका घडीवर बसे, आणि घडी ११२ अंशांत वाकलेली असे. घडी खरोखरच छान वाकली होती. ज्यांच्यावर हे यंत्र शिकलं ते सगळे बहुधा हाफपँटीत होते.

मी कंपनीच्या मुलाला हळूच विचारलं.

“सर, मॅन्युअलमध्ये आहे ना,” तो म्हणाला. “फिटिंगचे कपडे घालायचे. लेगिंग वगैरे.”

मी कौसाबाईंना सांगून पाहिलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेने छताकडे पाहिलं.

“या वयात सुनेची लेगिंग घालू?” कौसाबाई म्हणाल्या. “मंग पवनारात तोंड दाखवाले कोणती चड्डी घालू तेही तुमीच सांगा.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की हे यंत्र या बाईंसाठी नाही, यांना आठवड्यातून तीनदा माझ्याकडे पाठवा. एक वाक्य होतं. ट्रस्टी जिना चढत होते.

डेमो उत्तम झाला. फाईलमध्ये मी ११२ लिहिलं. गोनिओमीटरचा आकडा कुठेच लिहिला नाही. ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या, कौसाबाईंचा फोटो गेटजवळच्या फ्लेक्सवर लागला, मला एक्स्टेन्शन मिळालं. कौसाबाई टॅबलेट घेऊन घरी गेल्या. आकडा हिरवा असल्यामुळे त्यांना बोलवायचं कारण उरलं नाही.

रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर त्यांचं नाव हिरवं दिसे. ११०. ११४. ११६. एवढा सुधारणारा गुडघा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी रोज पाहत होतो आणि रोज मला माहीत होतं. पवनार वर्ध्यापासून स्कूटरने पंधरा-वीस मिनिटं. मी स्वतःशी म्हणत असे, पुढच्या आठवड्यात जाऊन हात लावून येऊ. डिजिटल रिहॅबच्या प्रमुखाला मीटिंगा फार असतात.

तिसरा महिना सरला तेव्हा सर्जननी त्यांना फॉलोअपला बोलावलं आणि मला आत बोलावणं आलं.

“हा गुडघा अडुसष्टला लॉक आहे,” ते म्हणाले. “फाईलमध्ये एकशे सोळा कोणी लिहिलंय?”

“सिस्टिमने.”

“आणि तुम्ही?”

मी म्हणालो की सिस्टिममध्ये मॅन्युअल मेजरमेंटची तरतूद नाही. हे वाक्य मी आजही पाठ म्हणू शकतो.

भूल देऊन सांधा जोर लावून वाकवतात, तसं केलं. उशीर झाला होता. माती वाळली होती. गुडघा कसाबसा ब्याऐंशीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. खुर्चीत बसायला जेमतेम चालतो. एसटीला चालत नाही.

मग रिपोर्ट लिहायचा होता. यंत्र चुकलं म्हणावं तर कंपनी नाराज. मी चुकलो म्हणावं तर मी नाराज. डायरेक्टर साहेबांनी शब्द सुचवला, ‘पूअर होम कम्प्लायन्स’. म्हणजे पेशंटने घरी व्यायाम नीट केला नाही. टॅबलेटमध्ये त्याच पेशंटचा एकही दिवस चुकलेला नव्हता, हजेरी शंभर टक्के. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लागले. दोन्हींवर सही माझी.

घरच्यांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. मी सांगितलं.

“कौसाबाई, घरी जोर कमी पडला तुमचा.”

त्यांनी गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. सून म्हणाली, “डॉक्टर, रोज करत होत्या न त्या.” मी फाईल बंद केली.

ती यंत्रं आता सुधारली आहेत. पायाला पट्टा बांधतात, पट्ट्यात सेन्सर असतो, लुगडं आड येत नाही. चांगली आहेत, वापरावीत. व्याख्यानात पोरं हमखास विचारतात, “सर, पुढे फिजिओची गरज राहील का?” मी सांगतो, राहील. चूक झाली की ती कोणाच्या तरी नावावर टाकावी लागतेच. हशा पिकतो. आमच्याकडे त्यासाठीही फिजिओ लागला नव्हता, पेशंटवर भागलं होतं, हे मी तिथे सांगत नाही.

रिटायर झाल्यावर गेल्या हिवाळ्यात मी पवनारला गेलो. स्कूटरने पंधरा-वीस मिनिटंच लागली. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. पुलाजवळ रस्त्याच्या कडेला कौसाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत भाजी घेऊन बसल्या होत्या, उजवा पाय पुढे लांब केलेला. समोरून वर्ध्याची बस गेली. त्यांनी मला ओळखलं.

“बसा डाक्टर. त्या पोत्यावर बसा.”

मी बसलो. “कौसाबाई, मला तुमच्याशी त्या गुडघ्याबद्दल—”

“मलेच बोलायचं होतं,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात सगळ्यांसमोर जीभ नाई उचलली. दुखे लय, डाक्टर. मंग थोडकं पुढं वाकलं की ते बाई शाब्बास म्हणे. मी तसंच करत राह्यली. रोज. तुमच्या एवढ्या महागाच्या मशीनले म्या फसवलं. तुमचं नाव खराब झालं असन माह्यापायी. राग नका धरू.”

त्यांनी हात जोडले.

मी पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. पहिला शब्दसुद्धा आठवत होता.

“असू द्या,” मी म्हणालो.