शाओशिंगमध्ये बांधलेलं इष्टलिंग

चीन कसा होता, असं शांतादेवी पट्टणशेट्टी यांना विचारलं की त्या आधी पाण्याबद्दल बोलतात. "पाणी जड. डाळ शिजत न्हाय." माणसं कशी होती, म्हटलं तर त्यांचं उत्तर त्याहून लहान असतं. "आपल्यासारखीच. नाक खुपसणारी."

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत त्यांचं कडधान्याचं दुकान आहे. १९९४ साली नवरा वारला तेव्हा थोरले दीर शंकरप्पा, ज्यांना सगळं घर आण्णा म्हणतं, यांनी दुकान स्वतःकडे घ्यायचं आणि भावजयीला महिन्याचा खर्च द्यायचा, असं ठरवलं. घराला ते रास्त वाटलं. शांतादेवींनी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन दुकानाच्या फळ्या काढल्या आणि गल्ल्यावर बसल्या. दुपारी आण्णा आले, एका गिऱ्हाइकाशी शांतादेवींचा तुरीच्या भावावरून चाललेला वाद उभ्याउभ्या ऐकला आणि परत गेले. दोघांमधलं नातं तेव्हापासून असंच चाललं आहे.

एकुलता मुलगा संगमेश इचलकरंजीत टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून मागाच्या शेडमध्ये सुपरवायझर होता. २००० साली मुंबईच्या एका कापड व्यापाऱ्यानं त्याला शाओशिंगला पाठवलं. शांघायपासून काही तासांवरचं हे शहर कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखलं जातं. तिथं माल तपासून कंटेनर भरून द्यायचा, हे त्याचं काम. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि सौंदर्याही तिकडे गेली. २००३ च्या सुरुवातीला तिचे दिवस भरत आले, तेव्हा तिची आई गडहिंग्लजला अंथरुणाला खिळलेली होती. शांतादेवींनी दुकान नोकराच्या हवाली केलं आणि पासपोर्ट काढला.

आण्णांनी विरोध केला. "पहिलं बाळंतपण माहेरी, न्हायतर सासरी. परमुलखात कोण करतंय काय?"

"सून तिथं हाय," शांतादेवी म्हणाल्या. "मी तिथं गेलो की तेच सासर."

सामानात जोंधळ्याचं पीठ होतं, लोखंडी तवा, डिंक, ओवा, बाळंतशेपा, विभूती आणि होणाऱ्या बाळासाठी गळ्यात बांधायचं एक छोटं इष्टलिंग. लिंगायतांच्या घरात मूल जन्मलं की जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, येतात आणि त्याच्या अंगावर इष्टलिंग बांधतात. या घरात ते काम कधी दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. एकदा बांधलेलं लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, हाही घरचा नियम. शाओशिंगमध्ये जंगम कुठून आणायचा, याची सोय शांतादेवींनी आधीच करून ठेवली होती. जवळच्या यिवू गावात गडहिंग्लजचा एक जंगम तरुण कटलरीचा धंदा करायचा. बारशाला येतो, असं त्यानं कबूल केलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तळमजल्यावरच्या चेनबाई गिरणीतून निवृत्त झालेल्या, इमारतीच्या रहिवासी समितीच्या सदस्य. पहिल्याच पहाटे भाकरी थापल्याचा आवाज ऐकून, वर भिंत फोडतायत की काय ते बघायला त्या आल्या. तव्यावर फुगलेली भाकरी पाहून बसल्या. ठेचा चाखून उठल्या. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या.

मार्चच्या अखेरीस मुलगी झाली आणि चेनबाईंचा आवाज वाढला. त्यांच्याकडे बाळंतीण महिनाभर अंगाला पाणी लावत नाही. इथं शांतादेवी सुनेला आणि नातीला रोज तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालत होत्या आणि वर ओव्याची धुरी देत होत्या. संगमेश दोघींच्या मध्ये दुभाष्या म्हणून उभा असायचा.

"अव्वा, त्या म्हणतात, हाडांत वारं शिरेल."

"त्यांना सांग, शिरू नये म्हणूनच शेकतोय."

चेनबाईंनी विचार केला. तसं असेल तर ठीक, पण मग खिडकी तरी बंद ठेवा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"आणि धूर कुठनं जाणार? त्यांच्या नाकातनं?"

हे वाक्य संगमेशनं भाषांतरातून गाळलं.

बारसं एका चुलत घरातल्या सुतकामुळं पुढं ढकललं होतं. तोवर एप्रिल उजाडला आणि सार्स या संसर्गजन्य तापाच्या साथीबद्दल उघडपणे बोललं जाऊ लागलं. फाटकावर पहारा बसला. चेनबाईंच्या दंडावर लाल पट्टी आली आणि हातात थर्मामीटर. ज्याला ताप, त्याला रुग्णालयातल्या वेगळ्या वॉर्डात नेत होते. तो कधी परत येईल, हे कुणी सांगत नव्हतं. यिवूहून जंगम तरुणाचा फोन आला. "अक्का, सगळी गावाकडं निघाल्यात, मीबी निघालो. माफी करा."

मग कोल्हापूरहून आण्णांचा फोन आला. "तिथं काय बांधू नका. नावबी ठेवू नका. हिकडं आल्यावर मठाचे स्वामी बांधतील."

"कवा येणार आम्ही?"

"उघडल्यावर."

"काय उघडल्यावर?"

"चीन."

"चीन काय किराणा दुकान हाय व्हय आण्णा, सकाळच्याला उघडायला?"

तरी त्या थांबल्या. बाळाला सगळे शांभवी म्हणू लागले होते, पण लिंग पेटीतच होतं.

एका सकाळी न्हाणं आणि धुरी उरकून शांतादेवींनी बाळाला दुपट्यांत घट्ट गुंडाळलं, वरून लोकरीचं टोपडं घातलं. तेवढ्यात चेनबाई आल्या. दुपट्यांत हात घालून त्यांनी बाळाच्या काखेत थर्मामीटर लावलं, काढून उजेडाकडं धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. नियमाप्रमाणं त्यांनी फोन केला. गाडी येणार होती. आईला बाळाबरोबर जाता येईल, बाकी कुणाला नाही. संगमेश गोदामावर होता. सौंदर्याला चेनबाईंचं बोलणं कळत होतं. तिनं रडत रडत सासूला सांगितलं.

शांतादेवींनी चेनबाईंना हातानं थांबायची खूण केली. हातपाय धुतले. स्वतःच्या कपाळाला विभूती लावली, मग बाळाच्या. पांढऱ्या वस्त्रातलं लिंग त्यांनी बाळाच्या गळ्यात बांधलं, कानात ॐ नमः शिवाय म्हटलं आणि नाव सांगितलं. खाली गाडीचा भोंगा वाजला. चेनबाईंना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं होतं. त्या खिडकीशी गेल्या आणि ड्रायव्हरशी मोठ्यानं भांडू लागल्या. बांधून होईपर्यंत त्यांचं भांडण संपलं नाही.

बाळाला ताप नव्हता. रुग्णालयात दुपटी उलगडली, टोपडं काढलं आणि थोड्या वेळात पारा उतरला. एक रात्र ठेवून दोघींना घरी सोडलं. बाळाच्या गळ्यातली गाठ होती तशीच होती. चेनबाईंनी वाफेवर शिजवायची बांबूची टोपली आणली, तिच्याकडं बोट दाखवलं, मग बाळाकडं, आणि बराच वेळ हसत राहिल्या.

ही हकिकत संगमेशनं फोनवर आण्णांना हसत हसत सांगितली. ती चूक होती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आण्णांच्या नातवाच्या लग्नाला सगळे कोल्हापुरात आले. आदल्या संध्याकाळी कार्यालयात आण्णांनी शांतादेवींना आतल्या खोलीत बोलावलं. तिथं मठाचे स्वामी बसले होते, समोर पाट, पाणी, विभूती आणि नवं लिंग.

"उद्या पोरगी पंगतीत बसायची," आण्णा म्हणाले. "त्याच्या आधी रीतसर बांधून घ्यायचं."

"बांधलंय की."

"कुणी?"

"मी."

"ताप न्हवताच, शांता. लेकरू तूच शिजवलंस आणि तूच भ्यालीस."

"व्हय. शिजवलं. ताप खोटा हुता, चूक माझी हाय. लिंग खोटं न्हाय."

संगमेश मध्ये पडला. "अव्वा, दहा मिनिटांचं काम हाय. होऊ दे की."

"मग वर्षभर ही कोण हुती?" शांतादेवींनी त्याला विचारलं. "लिंगवंताच्या घरातली हुती का न्हवती?"

सौंदर्या दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होती. शांतादेवींनी शांभवीला आपल्याकडं घेतलं आणि स्वामींच्या समोर पाटावर बसवलं. झबल्याचं बटण काढून गळ्यातला दोरा बाहेर घेतला.

"नवं बांधायचं तर हे आधी काढाय लागंल," त्या म्हणाल्या. "हे लिंग नसंल तर दगड हाय. मग भ्यायचं काय? काढा. तुमच्या हातानं काढा."

स्वामींनी हात पुढं केला. दोऱ्याजवळ आल्यावर तो थांबला. शांभवीनं त्यांचं बोट धरलं.

"स्वामी, काढा," आण्णा म्हणाले.

"तुम्ही काढता का?" स्वामींनी विचारलं.

आण्णा जागचे हलले नाहीत. खोलीत आणखी कुणी पुढं आलं नाही. स्वामींनी बोट सोडवून घेतलं, विभूतीत बुडवलं, मुलीच्या कपाळावर तीन रेघा ओढल्या आणि नवं लिंग वस्त्रात गुंडाळून परत पिशवीत ठेवलं.

स्वामी गेल्यावर आण्णा दार लावून म्हणाले, "झालं ते झालं. कुणी विचारलं तर स्वामींनी बांधलं म्हणून सांगायचं. माझ्यासाठी एवढं कर. पाहुण्यांत शोभा नको."

शांतादेवींनी शांभवीच्या झबल्याचं बटण लावलं. सौंदर्यानं त्यांच्याकडं पाहिलं. संगमेशनं पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. शांतादेवी शांभवीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. यजमान म्हणून आण्णा स्वतः हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत होते. नवरीकडची हुक्केरीची एक बाई शेजारी होती. मुलीच्या गळ्यातला दोरा पाहून तिनं सहज विचारलं, "लिंग कुणाच्या हातचं म्हणायचं?"

आण्णांचा डाव पातेल्यातच राहिला.

"माझ्या हातचं," शांतादेवी म्हणाल्या. आवाज दुकानातला होता, समोरच्या रांगेपर्यंत गेला. "चीनमध्ये बांधलं."

"बायका बांधत्यात व्हय?"

"मी बांधलो. आण्णा, हिला हुग्गी वाढा. तूप जरा जास्त."

आण्णांनी वाढली. तूपही घातलं. मग पातेलं मुलाच्या हातात देऊन ते कार्यालयाबाहेर गेले आणि पंगत उठेपर्यंत आत आले नाहीत.

शांतादेवी त्यानंतर तीन वेळा शाओशिंगला जाऊन आल्या. २००८ साली मंदीत संगमेशची नोकरी गेली आणि कुटुंब कायमचं परत आलं. शांभवी आता शाळेत जाते. लग्नाच्या त्या दिवसापासून आण्णांनी शांतादेवींच्या घरची पायरी चढलेली नाही. शांतादेवी मात्र प्रत्येक सणाला नातीला घेऊन आण्णांच्या घरी जातात, पुढच्या खोलीत बसतात आणि चहा आल्याशिवाय उठत नाहीत.