बारा वाजताची बंगई

आमच्या घरातलं भूत मी स्वतः बसवलेलं आहे. त्याला वायफाय लागतं.

माझी ओळख करून देतो. मी विलास. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याच्या एका बँकेत. रोजच्या अपडाऊनमध्ये जो वेळ मिळतो त्यात मी मोबाइलवर घरगुती तंत्रज्ञानाचे व्हिडिओ पाहतो आणि ते ज्ञान आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर 'आजची टीप' म्हणून टाकतो. (आतापर्यंत अकरा लोक ग्रुपमधून बाहेर पडले. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.)

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यांची जागा म्हणजे हॉलमधली बंगई. आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात आणि ती नसेल तर घराला घर म्हणत नाहीत. दुपारी जेवले की बाबा पांढरं धोतर नीट करून, लोडाला टेकून त्यावर बसायचे आणि बरोबर बारा ते साडेबारा झोके घ्यायचे. उठताना हातानं बंगई थांबवायचे. रिकामी बंगई हलू देऊ नये, असा त्यांचा दंडक होता. का, ते कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

ते गेल्यापासून आईनं घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. माझी बहीण तेल्हाऱ्याहून बोलवायची, शेजारणी मोझरीच्या आश्रमात चल म्हणायच्या. आईचं उत्तर एकच.

"घर एकटं कसं सोडू, बाप्पा? त्याईले एकटं राहाची सवय नाही."

आई हळूहळू वाळत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं. म्हणून मे महिन्यात मी चिखलदऱ्याचा एका दिवसाचा बेत काढला. बाबा चाळीस वर्षं तिला "येत्या मे महिन्यात नक्की" म्हणत राहिले होते. मी मनाशी म्हटलं, आई एकदा बाहेर पडली तर पडली. या वेळी काही बिनसलं, तर ती पुन्हा कधी निघायची नाही.

"आई, घर एकटं कुठं हाय? जुना मोबाइल शोकेसवर कॅमेरा म्हणून लावतो. तू चिखलदऱ्यातून घर पाय. बोलली तर आवाज बी जाईन इथं."

"खरंच?"

"आजची टीप," मी म्हणालो.

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून फक्त खोकली. तिचे खोकले मी आता ओळखतो.

निघण्याआधी मी सगळ्या टिपा वापरल्या. धूळ बसू नये म्हणून बंगईवर लोडासकट पांढरी चादर टाकली. आईला झोका द्यायला जोर लागू नये म्हणून कड्यांत बेअरिंग आधीच बसवून घेतले होते. परतल्यावर घर गार मिळावं म्हणून कूलरच्या टाकीत पाणी भरलं आणि मोबाइलवर चालणाऱ्या प्लगवर संध्याकाळी सहाचा टायमर लावला. चावी शेजारच्या वानखडे काकांकडे दिली. काका रिटायर झालेत आणि कुणाला भीत नाहीत, असं ते स्वतः सांगतात.

चिखलदऱ्यात आई खुलली. रबडी खाल्ली, दरीत वाकून पाहिलं, सुनंदाला म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं हे पाहाले पाहिजे होतं वं." मग आम्ही झाडाखाली दशम्या सोडल्या आणि आईनं हात पुसले.

"विलास, दाखव बरं घर."

मी ऐटीत मोबाइल उघडला. वेळ बारा वाजून सात मिनिटं. चित्र आधी गोठलं, मग हलायला लागलं. त्यातही हलत फक्त एकच गोष्ट होती.

बंगई.

बंद घरात, भर दुपारी, पांढरी चादर पांघरलेली बंगई पुढे-मागे, पुढे-मागे झुलत होती. चादरीखालचा लोड असा काही उभा राहिला होता की कुणीतरी पाठ टेकून बसलंय. वर भिंतीवर बाबांचा फोटो. आणि मोबाइलमधून एक घुमणारा आवाज येत होता, घूंऽऽ, खोल विहिरीतून आल्यासारखा.

सुनंदा या वेळी खोकली नाही. तिनं माझा दंड पकडला.

"अवो, खिडक्या तर बंद केल्या होत्या ना मी?"

"नेटवर्कमुळं हलल्यासारखं दिसते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"नेटवर्कमुळं निसती बंगईच हलते का?"

आई मोबाइलवर वाकली. ती नुसती पाहत होती. मी जरा बाजूला जाऊन सुनंदाच्या मोबाइलवरून काकांना फोन लावला. "काका, घरात जरा डोकावता का? काही नाही, सहज."

दोन मिनिटांत पडद्यावर दार उघडलं. काका उंबऱ्यात आले, त्यांनी बंगईकडे पाहिलं आणि तिथंच खिळले. नेमकं त्याच क्षणी आईनं माझ्या हातातला मोबाइल तोंडाजवळ घेतला आणि बोलायचं बटण दाबलं.

"अवो, ऐकता का?"

रिकाम्या घरात आईचा आवाज घुमला. आई शंभर किलोमीटरवर आहे हे काकांना ठाऊक होतं. काका पळाले. एक चप्पल राहिली. लगेच सुनंदाचा मोबाइल वाजला.

"विलास! मी आत पाय नाही ठेवला, उंबऱ्यातूनच पाहिलं. एवढ्या उनात अंगावर गार वारं आलं रे! अन् खसाचा वास! तुह्या बापाच्या अत्तराचा वास!"

माझ्या अंगावर काटा आला. (मी अंधश्रद्धा मानत नाही. काट्याला ते माहीत नसावं.) आई मात्र शांतपणे मोबाइलशी बोलत होती.

"मी चिखलदऱ्याले आली हाव. तुमी नेतो नेतो करत जनम काढला, पोरानं आणलं. रबडी खाल्ली. तुमच्या वाटची बी खाल्ली." तिनं पदर सावरला. "माह्याशिवाय करमत नसन, मले माहीत हाय. मले बी नाही करमत. आता पुरे करा. थकसान."

घूंऽऽ आवाज थांबला. बंगईचा झोका लहान झाला. आणखी लहान झाला. मग बंगई उभी राहिली.

आईनं डोळे पुसले आणि दरीकडे पाहत बसली. सुनंदा रडत होती. मला बसायला दगड सापडेना.

घाट उतरून परतवाड्याला आलो तेव्हा नेटवर्क नीट आलं आणि कूलरच्या प्लगचे साठलेले निरोप धडाधड पडले. पहिला होता : 'कूलर चालू, १२:००.'

तेव्हा सगळं उलगडलं. मागच्या रविवारी सुनंदाला प्लगची करामत दाखवायला मी दर रविवारचा बारा ते साडेबाराचा टायमर लावला होता आणि काढायला विसरलो होतो; आज पुन्हा रविवार होता. कॅमेऱ्यामागच्या खिडकीतला आमचा तो दांडगा कूलर, खसाच्या म्हणजे वाळ्याच्या नव्या ताट्या, समोर शिडासारखी चादर, खाली बेअरिंग. माझ्या चार टिपांनी मिळून बाप उठवला होता!

मी सांगायला तोंड उघडलं, तर मागच्या सीटवर आई सुनंदाला म्हणत होती, "आता मले घराची चिंता नाही वं. ते हायेत तिथं. पुढच्या आठवड्यात मोझरीले जाऊ." वर्षभरानंतर तिच्या आवाजात जीव आला होता. मी तोंड मिटलं.

तेव्हापासून आई सुटलीच. मोझरी झालं, शेगाव झालं. ती बाहेरगावी असली की बाराला मला फोन, "पाय बरं, बसले का?" आणि मी अकोल्याच्या बँकेत, समोर माणसांची रांग, टेबलाखाली अमरावतीचा कूलर चालू करतोय.

डिसेंबरात ती तेल्हाऱ्याला बहिणीकडे गेली. बाराला फोन आला.

"विलास, लावला का?"

"काय, आई?"

"कूलर. हिवाळ्यात पाण्याचा नको लावू रे. नुसता पंखा लाव. सर्दी होईन त्याईले."

मी स्वेटरमध्येच घामाघूम झालो.

"तुले कवापासून माहीत हाय?"

"चिखलदऱ्यापासून. ईस वर्सं त्या कूलरसमोर झोपली मी, त्याचा आवाज नाही ओळखणार?"

"मंग तवा बोलत कायले होती?"

"त्याईच्याशी बोलाचं राहून गेलं होतं रे. दवाखान्यात कुठं बोलता आलं?" मग म्हणाली, "पण मी पुरे म्हटल्यावर ते थांबले, ते कसं केलं तुनं?"

"टायमर होता, आई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

टायमर साडेबाराचा होता. परतवाड्याला आलेला दुसरा निरोप मी कुणालाच दाखवलेला नाही : 'कूलर बंद, १२:१७.' लाइट गेली असती तर वायफायही गेलं असतं. काका उंबऱ्यावरून पळाले होते. मी मोबाइलला हात लावला नव्हता. प्लग बनवणाऱ्यांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, घरातल्या कुणीतरी बटण दाबलं असेल.

ग्रुपवर टिपा देणं मी बंद केलंय. गेलेले अकराही जण परत आलेत. बाकी मी अंधश्रद्धा अजूनही मानत नाही. फक्त बंगईवर बसण्याआधी, "बाबा, सरका जरा," एवढं म्हणतो.