आज धुरा सूर्यानं हलवला, मी नाही

मंडळी, मी भूकरमापक. आज दुपारी सेलूजवळ दोन सख्ख्या भावांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, ठरवायला गेले होते. आभाळ निरभ्र, उपग्रहावर चालणारं मोजणीचं मशीन नवंकोरं.

माझ्या सवयीनं हद्दीचा जुना दगड दोनदा मोजला, तर दुसऱ्यांदा तो हातभर सरकलेला! दगड जागचा हलला नव्हता. सौर वादळाचा इशारा सकाळीच फोनवर वाचला होता. असं वादळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळलं की वरच्या हवेचा विद्युतभारित थर ढवळून निघतो, उपग्रहाचे संकेत वाटेत भरकटतात आणि मशीन चुकतं.

मी मोजणी थांबवली. सरकलेला धुरा धाकट्याच्या फायद्याचा होता. तो तडकला, "मॅडम, मशीन काऊन खोटं बोलन? ठोका खुंटी!"

साहेबांचा फोन आला, "आजच उरका."

नाही उरकलं. कारण लिहिलं: सौर वादळ. साहेब खो-खो हसले. हसू देत.

थोरल्यानं तेवढं विचारलं, "सूर्य शांत झाल्यावर येसान ना?"

येणारच. सूर्य दोन-चार दिवसांत शांत होईल. पण आज चुकीची खुंटी ठोकली असती, तर हे दोघे भाऊ कधी शांत झाले असते, तुम्हीच सांगा.