विहिरीचा बांबू

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. किनुएने ते अडुसष्टाव्या वर्षी बांधायला घेतलं, आणि तेही मुलाशी भांडत.

जपानात, फुकुईच्या डोंगराकडच्या आमच्या गावात ती टोफूवाली. नवरा गेल्यावर दुकान एकटीने चालवलं, मुलाला, हारुहिकोला, शिकवलं. टोफूला चव येते ती अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने, असं ती सांगायची. तिच्या जिभेचे फटके खाल्लेले लोक त्यावर गप्प बसत.

एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने जुनं घर वाकलं. हारुहिको बायको-मुलांसह परत यायचं म्हणत होता, तो घरं बांधणाऱ्या कंपनीच्या तयार घराचा नकाशाच घेऊन आला. चहूबाजूंनी बंद, यंत्राने गार, यंत्राने गरम, पुढे सिमेंट. किनुएने नाक मुरडलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचं घर काढलं. तुळया जुन्याच. पाडलेल्या भिंतींच्या मातीत पेंढा कालवून नव्या भिंती. वळचण इतकी पुढे, की उन्हाळ्याचं ऊन बाहेर थांबेल आणि थंडीतलं तिरपं ऊन आत येईल. बागेकडे लाकडी ओसरी, शेवाळ, एक मेपल. कुरकुरत का होईना, हारुहिको सगळ्याला हो म्हणाला. विहिरीपाशी मात्र अडला. दोन गाड्या ठेवायच्या तर ती बुजवायलाच हवी, शिवाय घरात पोरं आहेत.

"विहीर बुजली, तर त्या घरात मी पाऊल टाकणार नाही," किनुए म्हणाली. त्याला वाटलं, बोलते आहे झालं.

आमच्याकडे विहीर बुजवताना आत पोकळ बांबू उभा ठेवतात, विहिरीच्या देवाला श्वास घेता यावा म्हणून. हारुहिकोने आईला न विचारता पुजारी ठरवला, मीठ आणि तांदळाची दारू, साके, मांडली, बांबू आणला, शेजाऱ्यांनाही बोलावलं. चारचौघांत, पुजाऱ्यासमोर आई तोंड उघडणार नाही, असा त्याचा होरा. दुसऱ्या कुणाची आई असती, तर तो खराही ठरला असता.

किनुएने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. गारठा आहे, आधी चहा घ्या, मग पूजा, म्हणाली. तिने पोहरा सोडला, पाणी काढलं, उकळलं, कप भरले. पुजाऱ्याने घोट घेऊन मान डोलावली. असा चहा देवळात होत नाही म्हणाला.

"याच विहिरीचं पाणी आहे ते," किनुए म्हणाली. "जी बुजवायची आहे, तिचंच प्यायलात. आता ज्याला पहिली माती टाकायची असेल, त्याने उठावं."

कुणी उठेना. हारुहिकोचे कान लाल झाले. "आई, सगळ्यांसमोर असं?"

"सगळ्यांना मी बोलावलं का?"

सून मिनोरी इतका वेळ खाली बघत होती. तिने रिकामा कप पुढे केला. "आई, मला अजून थोडा."

पुजाऱ्याने विहिरीपुढे मीठ ठेवलं आणि विहिरीच्याच दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करून तो घरी गेला. नातवंडांसाठी विहिरीवर सुताराकडून जड झाकण करून घेतलं. बांबू किनुएने मधोमध चिरला आणि बागेतल्या दगडी कुंडात पाणी सोडायला त्याचीच पन्हळ केली.

दुसरी गाडी आजही रस्त्यावर असते. थंडीत हारुहिको सकाळी सकाळी तिच्यावरचा बर्फ खरवडतो आणि आईच्या नावाने पुटपुटतो. किनुए ओसरीवरून त्याला चहा देते. तो पुटपुटणं थांबवून पितो.